टर्नटेबलच्या जोडीला सीडी प्लेअर कसा जोडायचा? फोनो, लाइन, पिच आणि क्यू सोप्या भाषेत



आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, लेझर लाइट आणि छातीत धडधडणारा बेस. पण डीजे म्हणजे मुळात डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. एका तबकडीवरचं गाणं संपायच्या आत दुसऱ्या तबकडीवरचं गाणं त्याच तालात मिसळायचं आणि नाचणाऱ्याला सांधा कळू द्यायचा नाही, हे त्याचं काम. आजचा लेख या मूळ अर्थाच्या डीजेबद्दल आहे.

माझ्या घरी दोन टर्नटेबल आणि एक दोन चॅनलचा मिक्सर आहे. सगळं सेकंडहँड, हळूहळू पैसे साठवून घेतलेलं. गेल्या वर्षी आतेबहिणीचं लग्न ठरलं आणि हळदीच्या संध्याकाळी गाणी वाजवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा आत्याने विचारलं, "अरे, तुझ्या त्या मशीनवर आईची गाणी लागतील का?"

आई म्हणजे माझी आजी. ती आता नाही. ती हळदीची गाणी म्हणायची. कधीतरी कोणीतरी ती कॅसेटवर घेतली होती आणि नंतर काकांनी त्या कॅसेटची सीडी करून ठेवली होती. तबकडीवर ही गाणी मिळणं शक्यच नाही. म्हणजे माझ्या टर्नटेबलच्या जोडीला सीडी प्लेअर जोडणं भाग होतं. मला वाटलं, दोन वायरी लावल्या की झालं. तसं झालं नाही. त्या महिन्याभरात मी जे शिकलो (त्यात एक महागातली चूकही आली) ते इथे सांगतो.

टर्नटेबल आणि सीडी प्लेअर: नेमका फरक काय?

रेकॉर्डवर एक लांबच लांब नागमोडी खाच असते. सुई त्या खाचेतून फिरते, हलते आणि त्या हलण्यातून अगदी बारीक विजेचा सिग्नल तयार होतो. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. हा १.८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीडीत खाच नाही आणि सुईही नाही. लेझर किरण तबकडीवरचे सूक्ष्म खड्डे वाचतो आणि त्यातून आकडे मिळतात. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. त्या आकड्यांचा परत आवाज होतो. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून हे तंत्र बनवलं आणि १९८२ मध्ये ते बाजारात आलं.

एक गंमत सांगतो. रेकॉर्ड बाहेरच्या कडेपासून आत वाजत जाते, तर सीडी आतून बाहेर वाचली जाते. आणि सीडीचा वेग एकसारखा नसतो. आतल्या बाजूला ती मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर उतरते. म्हणून फिरत्या रेकॉर्डवर बोट ठेवून गाणं मागेपुढे करता येतं, तसं सीडीला हात लावून करता येत नाही. तिथे मधे कॉम्प्युटर लागतोच.

मग घरातला साधा सीडी प्लेअर का चालत नाही?

गाणं नुसतं ऐकायचं असेल तर चालतो. पण डीजेला तीन गोष्टी हव्या असतात: गाण्याचा वेग बदलता येणं, बोट लावून गाणं किंचित पुढेमागे ढकलता येणं आणि हव्या त्या क्षणी गाणं लगेच सुरू होणं.

टर्नटेबलवर या तिन्ही गोष्टी मिळतात. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ मध्ये आला, तो खरं तर घरात गाणी ऐकण्यासाठी. पण त्याची मोटर पट्ट्याने नव्हे तर थेट तबकडीला जोडलेली होती. हाताने थांबवून सोडलं की ती लगेच वेग पकडायची. डीजे लोकांनी ते हेरलं. १९७९ च्या एमके२ मॉडेलला वेग बदलायची सरकती पट्टी मिळाली, ८ टक्के वर आणि ८ टक्के खाली. हेच मशीन पुढे जगभरच्या क्लबांत ठाण मांडून बसलं.

सीडीच्या बाजूनेही पुढे डीजे प्लेअर आले. पायोनियरचा सीडीजे-५०० हा १९९४ चा. पण तबकडी वाजवणाऱ्या डीजेंनी सीडी मनापासून स्वीकारली ती २००१ च्या सीडीजे-१००० नंतर. त्यावर एक मोठं गोल चाक होतं, त्याला जॉग म्हणतात. चाकाच्या वरच्या भागावर हात ठेवला की गाणं थांबतं, हात फिरवला की गाणंही तसंच मागेपुढे होतं, सोडलं की परत चालू. या चाकाचा एक फेरा म्हणजे गाण्याचे १.८ सेकंद! ३३⅓ च्या रेकॉर्डइतकेच. हाताला जी सवय होती तीच जपली होती.

तुमच्या फोनमधलं कोणतंही डीजे ॲप उघडा. फिरणारी गोल चकती, बाजूला पिचची पट्टी, खाली क्यू आणि प्ले. ही सगळी रचना याच मशीनांवरून उचललेली आहे. म्हणजे हे समजलं की ॲपही समजलं.

आता गोव्याची एक गोष्ट

रेकॉर्ड नाजूक असते. उन्हात वाकडी होते, धूळ बसली की खरखरते आणि जमीन हादरली की सुई उडी मारते. गोव्याच्या किनाऱ्यावर, हणजूणला उघड्यावर होणाऱ्या पार्ट्यांमध्ये १९८० आणि ९० च्या दशकांत डीजे म्हणूनच रेकॉर्ड फारशा वापरत नव्हते. ते आधी कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर गाणी वाजवायचे. गोवा गिल हा तिथला नावाजलेला डीजे डॅटसाठीच ओळखला जायचा. पण डॅटवर वेग जुळवण्याची सोय सहसा नव्हती, त्यामुळे एका गाण्याचा शांत शेवट आणि पुढच्याची शांत सुरुवात एकमेकांवर चढवून काम भागवावं लागे.

डीजेचा सीडी प्लेअर ही दोन्ही दुखणी कमी करतो. सीडी उन्हात रेकॉर्डइतकी पटकन वाकत नाही आणि वेगही जुळवता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं: फोनो आणि लाइन

बाकी लेख विसरलात तरी चालेल, एवढा भाग नक्की वाचा.

मिक्सरच्या मागे दोन प्रकारची तोंडं असतात. एकावर 'फोनो' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'लाइन' किंवा 'सीडी'. दोन्हीकडे तीच लाल-पांढरी पिन बसते. त्यामुळे चूक होणं अगदी सोपं आहे.

टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल असतो साधारण ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरमधून येतो जास्तीत जास्त २ व्होल्ट, म्हणजे ४०० पट. फोनोच्या तोंडामागे एक सर्किट असतं, ते सुईचा बारीक सिग्नल साधारण १०० पट मोठा करतं. आता गणित करा. ५ मिलिव्होल्टचे झाले अर्धा व्होल्ट, ठीक आहे. पण तिथे तुम्ही सीडी लावली तर ते सर्किट २ व्होल्टचे २०० व्होल्ट करायला बघतं! ते त्याला शक्य नाही. मग आवाजाच्या लाटांची डोकी कापली जातात आणि बाहेर येतो तो कानठळ्या बसवणारा फाटका आवाज.

फोनो सर्किट आणखी एक काम करतं. रेकॉर्ड कोरताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वरचे बारीक स्वर वाढवतात. नाहीतर बेसच्या मोठ्या लाटांनी खाचा इतक्या रुंद होतील की तबकडीवर गाणी मावणार नाहीत. १९५० च्या दशकापासून यासाठी आरआयएए नावाचं ठरलेलं माप आहे. दोन्ही टोकांना हा फरक जवळपास २० डेसिबलचा असतो. फोनो सर्किट वाजवताना हे उलटं करतं, म्हणजे बेस वाढवतं आणि वरचे स्वर कमी करतं. सीडीवर असा फेरफार नसतो. त्यामुळे फोनोत लावलेली सीडी मोठी तर वाजतेच, शिवाय घुमतेही.

उलट चूक केली, म्हणजे टर्नटेबल लाइनमध्ये लावला, तर नुकसान काही नाही. नुसता बारीक, बेस नसलेला, डब्यातून आल्यासारखा आवाज येतो.

आता माझी चूक. एका मित्राने त्याचे दोन जुने सीडीजे मला वापरायला दिले. त्याच्याच घरी, त्याच्याच स्पीकरवर मी घाईघाईत जोडणी केली. वायर तर बरोबर लाइनमध्ये होती. पण मिक्सरच्या तोंडावरचा फोनो-लाइन खटका मी बघितलाच नाही आणि हाताच्या ओघात दुसरीही पिन चुकीच्या जागी दाबली. व्हॉल्यूमही वर होता. एक फाटका आवाज झाला आणि स्पीकरचा ट्विटर, म्हणजे बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग, गेला. मित्र काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला दिसला. ट्विटर मी भरून दिला. त्या पैशांत माझ्या दोन-तीन रेकॉर्ड आल्या असत्या.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: पिन लावायच्या आधी सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणि स्पीकर बंद.

मिक्सरला किती चॅनल हवेत?

दोन चॅनलच्या मिक्सरला दोनच गोष्टी जोडता येतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बहुतेक डीजे मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलला फोनो आणि लाइन अशी दोन्ही तोंडं असतात आणि वर एक खटका असतो. म्हणजे दोन टर्नटेबल आणि दोन सीडी प्लेअर, चारही मशीनं जोडलेली राहू शकतात. फक्त एका चॅनलवर एका वेळी एकच वाजेल.

इथे थोडा विचार करावा लागतो. समजा चॅनल १ वर डावा टर्नटेबल आणि डावा सीडी प्लेअर आहे. मग डावी रेकॉर्ड आणि डावी सीडी एकमेकांत मिसळता येणार नाहीत. डावी रेकॉर्ड वाजत असेल तर पुढचं गाणं उजवीकडेच तयार ठेवायला हवं. तुमच्याकडे एकच सीडी प्लेअर असेल तर तो ज्या चॅनलवर लावाल, त्याच्या समोरच्या टर्नटेबलशीच त्याची जोडी जमेल. चार चॅनलचा मिक्सर असेल तर हा प्रश्न उरत नाही.

जोडणी, पायरीपायरीने

१. सगळं बंद करा. मिक्सरचे फेडर आणि मुख्य व्हॉल्यूम शून्यावर आणा.

२. टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना फोनोमध्ये लावा. टर्नटेबलमधून एक बारीक वेगळी वायर येते, ती अर्थची. मिक्सरच्या मागे त्यासाठी स्क्रू असतो, तिथे घट्ट करा. ती सुटली तर स्पीकरमधून सतत 'हम्म' असा आवाज येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचीच ती गुणगुण.

३. सीडी प्लेअरच्या 'ऑडिओ आउट'मधून लाल-पांढरी वायर लाइनमध्ये लावा. सीडी प्लेअरला वेगळी अर्थची वायर नसते. मागे 'डिजिटल आउट' नावाचं अगदी तसंच दिसणारं एक तोंड असू शकतं, तिथे ही वायर लावू नका.

४. वरचे फोनो-लाइन खटके तपासा. मी चुकलो तो इथे.

५. आधी प्लेअर चालू करा, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना उलटा क्रम: आधी स्पीकर.

६. आता हेडफोनवर एकेक चॅनल ऐका. गेनचं बटण फिरवून रेकॉर्ड आणि सीडी दोन्हींचे दिवे मीटरवर सारख्याच उंचीला आणा. सीडी बहुतेक वेळा मोठी वाजते, तिचा गेन कमी करावा लागतो. कानावर विसंबू नका, मीटर बघा. लाल दिवा सतत लागत असेल तर गेन जास्त आहे.

काही नव्या टर्नटेबलमध्ये फोनो सर्किट आतच असतं आणि मागे फोनो-लाइन खटका असतो. तो लाइनवर असेल तर वायरही मिक्सरच्या लाइनमध्येच लावायची.

आणि हो, फोनचं काय? फोनच्या हेडफोनच्या तोंडातून येणारा सिग्नलही लाइन प्रकारचाच. ३.५ मिमीची पिन एका टोकाला आणि लाल-पांढरी दुसऱ्या टोकाला अशी वायर घेतली की फोन मिक्सरच्या लाइनला जोडता येतो.

कुठे काय ठेवायचं?

मिक्सर मधे, दोन्ही बाजूंना टर्नटेबल आणि त्यांच्या बाहेर सीडी प्लेअर, ही नेहमीची मांडणी. टेबल लहान असेल तर मिक्सरच्या मागे उंच स्टँडवर सीडी प्लेअर ठेवतात. टर्नटेबल मात्र स्पीकरपासून लांब आणि जड, न हलणाऱ्या टेबलावरच हवेत. स्पीकरचा बेस टेबलातून सुईपर्यंत पोचला की तो परत स्पीकरमधून येतो, परत सुईत जातो आणि घूं घूं वाढतच जातं. सीडीत सुई नसल्यामुळे असं चक्र होत नाही. जोराचा धक्का बसला तर लेझर चुकू शकतो, पण डीजेच्या प्लेअरमध्ये गाणं थोडं आधी वाचून मेमरीत ठेवलेलं असतं, त्यामुळे बरंच निभावतं.

पिच जुळवणं: थोडं गणित

गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. समजा रेकॉर्डवरचं गाणं १२० चं आणि सीडीवरचं १२६ चं. रेकॉर्ड १२६ वर न्यायची तर वेग ५ टक्के वाढवावा लागेल. टर्नटेबलची मर्यादा ८ टक्के, म्हणजे जमलं. पण रेकॉर्ड १०० ची आणि सीडी ११० ची असेल तर १० टक्के हवेत, टर्नटेबल तिथे थांबला. इथे सीडी प्लेअर कामाला येतो. सीडीजे-१००० एमके३ वर ६, १० आणि १६ टक्के अशा मर्यादा निवडता येतात, शिवाय एक 'वाइड' पर्यायही आहे. मग रेकॉर्ड थोडी वाढवा आणि सीडी थोडी कमी करा.

बारीक फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. एक गाणं १२० आणि दुसरं १२०.५ असेल तर मिनिटभरात अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो. म्हणजे एकाचा ठोका बरोबर दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधे येतो. ऐकणाऱ्याला वाटतं दोन घोडे वेगवेगळे धावतायत.

टर्नटेबलवर वेग वाढवला की सूरही वर जातो. ६ टक्क्यांना जवळपास अर्ध्या स्वराची पायरी, म्हणजे पेटीवरची लगतची काळी-पांढरी पट्टी. सीडीजेवर 'मास्टर टेम्पो' नावाचं बटण असतं. ते दाबलं की वेग बदलतो पण सूर तसाच राहतो. गाणाऱ्याचा आवाज असलेल्या गाण्यांना हे फार उपयोगी. मात्र खूप ताणलं तर आवाज थरथरल्यासारखा होतो.

हाताच्या सवयी बदलाव्या लागतात

टर्नटेबलवरून सीडीवर आल्यावर मला तीन गोष्टी जड गेल्या.

पहिली, नजर. रेकॉर्डवर कुठे शांत भाग आहे, कुठे ठेका येतो, हे खाचांच्या रंगछटेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सीडीवर तसं काही नाही, छोट्या पडद्यावरचा वेळ बघावा लागतो. मी प्रत्येक सीडीच्या पाकिटावर 'ठेका १:१२ ला' असं पेनने लिहून ठेवायला लागलो.

दुसरी, चाक. जॉगच्या वरच्या भागाला हात लावला तर गाणं थांबतं आणि कडेला लावला तर नुसतं किंचित पुढेमागे सरकतं. टर्नटेबलच्या सवयीने मी वरच हात ठेवायचो आणि चालू गाणं थांबायचं! आठवडाभर सराव केल्यावर बोटं कडेला जायला लागली.

तिसरी, क्यू. गाणं जिथून सुरू करायचं तिथे थांबवून क्यू दाबायचं, की ती जागा मशीनच्या लक्षात राहते. क्यू दाबून ठेवलं तर तिथून वाजतं, सोडलं की परत त्याच जागी. टर्नटेबलवर सुई हाताने शोधून ठेवण्याचं काम इथे एका बटणावर होतं. लूपही तसंच: 'इन' आणि 'आउट' दाबलं की मधला तुकडा फिरत राहतो. टर्नटेबलवर हेच करायला एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेऊन आळीपाळीने मागे फिरवाव्या लागतात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप-हॉप सुरू झालं ते याच युक्तीतून.

सीडी बर्न करताना

- एकच प्रत असलेली सीडी कधीही पार्टीला नेऊ नका. आधी कॉम्प्युटरवर कॉपी, मग तिची नवी सीडी.
- 'ऑडिओ सीडी' म्हणूनच बर्न करा. एमपी३ फाइल्स टाकलेली सीडी जुने प्लेअर वाचत नाहीत. सीडीजे-१००० मालिकेत एमपी३ वाचणं २००६ च्या एमके३ पासून आलं.
- सीडी 'फायनलाइज' झाली आहे ना ते बघा. नाहीतर प्लेअर ती ओळखतच नाही.
- परत लिहिता येणाऱ्या सीडीपेक्षा एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या.
- बर्न करायचा वेग सगळ्यात जास्त ठेवू नका.
- एकाच सीडीवरची दोन गाणी एकमेकांत मिसळायची असतील तर त्या सीडीच्या दोन प्रती लागतात.
- सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, तोंडातून सरकवायच्या प्लेअरमध्ये ते सुटून अडकतं.

जुना सीडीजे घेताना काय तपासाल?

आधी मागची पट्टी वाचा. जपानमधून आलेलं मशीन १०० व्होल्टचं आणि अमेरिकेतून आलेलं १२० व्होल्टचं असू शकतं. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. थेट प्लग लावला तर मशीन गेलं. मग घरी बर्न केलेली सीडी सोबत न्या, कारण लेझर थकला की आधी अशाच सीडी वाचायचं बंद होतं. प्ले आणि क्यू पन्नास वेळा दाबून बघा, कारण सगळ्यात जास्त झिजतात ती हीच बटणं. जॉगवर हात ठेवताच गाणं थांबतं का आणि पिचची पट्टी मधोमध आणल्यावर पडद्यावर शून्य येतं का, हेही बघा.

मग आज सीडी कशाला? यूएसबी आहे की!

बरोबर. २००९ च्या सीडीजे-२००० वर पेनड्राइव्हवरूनही गाणी वाजतात आणि २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये तर सीडीचं तोंडच काढून टाकलं. नावात 'सीडी' उरली, मशीनमध्ये नाही! पैसे असतील तर नवं घ्या. पण जुने सीडीवाले प्लेअर त्यामानाने स्वस्तात मिळतात आणि शिकण्यासाठी काही कमी पडत नाही. वेग, क्यू, गेन, फोनो-लाइन सगळं तेच.

नुसती एकामागून एक गाणी लावायची असतील तर मी खरंच सांगतो, फोन पुरे. मलाही भावाने तेच विचारलं होतं. पण मला आजीचं गाणं ठेक्यात बांधायचं होतं.

हळदीची संध्याकाळ

काकांची सीडी मित्राच्या सीडीजेने वाचलीच नाही. दोनदा फिरली आणि बाहेर आली. पोटात गोळा आला. घरच्या कॉम्प्युटरवर कमीत कमी वेगाने वाचायला लावली, तेव्हा रात्रभरात गाणी निघाली. शेवटचं एक गाणं मात्र नाही निघालं. कॅसेट कुठे आहे ते आता कोणालाच आठवत नाही. तुमच्या घरात अशी एखादी सीडी असेल तर या रविवारीच कॉपी करा. बर्न केलेली सीडी कायमची टिकत नाही.

दुसरी अडचण तालाची. आजी काही मशीनच्या ठेक्यावर गात नव्हती. कुठे ८८, कुठे ९२. अशा गाण्याला ॲपचं 'सिंक' बटण गोंधळतं, कारण ते एकच स्थिर वेग धरून चालतं. मग मी उलट केलं. आजीच्या गाण्याचा पिच शून्यावरच ठेवला, हातही लावला नाही. तिचा आवाज होता तसाच राहायला हवा होता. खाली ९० च्या आसपासचा नुसता तालाचा तुकडा असलेली रेकॉर्ड लावली आणि ती आजीच्या मागे मागे चालवली. आजी रेंगाळली की तबकडीच्या कडेला बोट टेकवायचं, ती पुढे गेली की किंचित ढकलायचं. गाणं सीडीवर आणि ताल रेकॉर्डवर. दोन्ही मशीनं असल्याशिवाय मला हे जमलं नसतं.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा अंगणात बायका बोलत होत्या. दुसऱ्या ओळीला आत्या हळदीची वाटी हातात घेऊन थांबली. मग मोठ्या काकूंनी आजीच्या मागे म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्या त्यांच्या मागे. माझं लक्ष सगळं बोटावर होतं, कारण सगळ्या मिळून आजीपेक्षा जरा जास्तच रेंगाळत होत्या!

जे गाणं सीडीवरून निघालं नाही, ते आत्याला पाठ होतं. ती म्हणाली, "ते लावू नकोस, मी म्हणते." मी दोन्ही फेडर खाली घेतले. फोनवर रेकॉर्डिंग तेवढं चालू केलं.

तर मित्रांनो, टर्नटेबलच्या जोडीला सीडी प्लेअर जोडणं कठीण नाही. टर्नटेबल फोनोत, सीडी लाइनमध्ये, व्हॉल्यूम शून्यावर आणि खटका दोनदा बघायचा. बाकी सगळं सरावाने येतं.